पोळ्याचं आवतन

धनीरामच्या फोटोला हार घालण्याची कल्पना वीरेंद्रची, आणि तो हार संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. नागपुरात लहान उद्योजकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. तिथे टाय लावलेल्या एका तरुण वक्त्याने सांगितलं, की मंदीत पगार वाढवता येत नसेल तर मान वाढवा. माणसाला घरचं वाटलं की तो सोडून जात नाही. वीरेंद्रला हे एकदम पटलं. मान वाढवायला खिशातून काही जात नव्हतं, त्यामुळे पटायला वेळही लागला नाही. दिघोरीला परत येताच त्याने आपल्या राइस मिलच्या ऑफिसात 'महिन्याचा मानकरी' अशी पाटी लावली, तिच्याखाली हमालांचा मुकादम धनीराम याचा मोठा केलेला फोटो टांगला आणि वरून झेंडूचा हार चढवला.

धनीरामची बायको सखाबाई गिरणीतच झाडलोट आणि पाखडणीचं काम करायची. दुपारी ती ऑफिस झाडायला आली, फोटो पाहिला आणि झाडू तिथेच टाकला.

"जित्या माणसाच्या फोटोले हार घालतेत का, मालक? माहं कुंकू अजून जागेवर आहे ना!"

तिने स्टूल ओढलं, वर चढून हार काढला आणि बाहेरच्या गाईला खाऊ घातला. दोन दिवस सगळी गिरणी हसत होती. धनीराम स्वतः तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माही तेरवी झाली, तुमी जेवाले आले नाई." वीरेंद्रही हसला. त्या पावसाळ्यात त्याचं हसणं तेवढंच.

कारण गिरणी चालत नव्हती. सरकारी भरडाईचं धान यंदा वेळेवर आलं नाही, आलं ते साकोलीकडे हायवेवर झालेल्या दोन नव्या गिरण्यांनी उचललं. तिथे सगळं आपोआप चालायचं; एकीकडून धान ओतलं की दुसरीकडून शिवलेली पोती बाहेर. वीरेंद्रच्या गिरणीत अजून माणसं पोती पाठीवर घेऊन फळीवर चढत. आठवड्यातले दोन दिवस पट्टे फिरायचे, उरलेले दिवस हमाल शेडमध्ये पत्ते कुटत बसायचे. अर्ध्या पगारावर ते का थांबले होते, हे वीरेंद्रला विचारलं असतं तर त्याने शिबिराचं नाव सांगितलं असतं. खरं कारण घरात पलंगावर पडून होतं.

ते कारण म्हणजे त्याचे वडील, श्यामराव. गिरणी त्यांनी उभी केली. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा कोमट तूप-हळदीने मळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. ते दिलं की दुसऱ्या दिवशी बैलाला जू नाही, काठी नाही. श्यामरावांकडे बैल नव्हते. पहिल्याच वर्षी ते म्हणाले, माझ्या घरचं ओझं ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांचा खांदा मी मळीन. तेव्हापासून दर वर्षी ते गिरणीच्या शेडमध्ये वाटी घेऊन बसत, एकेक हमाल सदरा काढून पुढे येई, आणि दुसऱ्या दिवशी सगळी गिरणी मालकाच्या अंगणात पुरणपोळी खाई. ज्याच्या खांद्याला हळद लागली त्याला पुढच्या पोळ्यापर्यंत कामावरून काढायचं नाही, हा श्यामरावांचा शब्द होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि तो त्यांनी कधी मोडलाही नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि खांदे मळणं बंद झालं. वीरेंद्रला तशीही त्या प्रथेची लाज वाटायची. माणसांना बैलासारखं काय वागवायचं, असं तो म्हणायचा. ऐकायला ते चांगलं वाटे.

यंदा पोळ्याच्या आधी दोन गोष्टी एकदम झाल्या.

एक म्हणजे टेकचंदसेठ. हा रायपूरकडचा व्यापारी जुन्या गिरण्या विकत घेऊन त्यांची यंत्रं खोलून न्यायचा. वीरेंद्रने महिनाभरापूर्वीच त्याच्याशी फोनवर बोलणं सुरू केलं होतं. सेठचं म्हणणं सरळ होतं. गिरणी चालती दिसली तर चालत्या यंत्रांचा भाव, बंद दिसली तर भंगाराचा. म्हणजे सेठ येईपर्यंत माणसं हवी होती. नंतर नको होती. हे फक्त वीरेंद्रला आणि त्याच्या बायकोला, रिताला, ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे श्रावण. हा कोंढा गावचा ठेकेदार हमालांच्या टोळ्या तेलंगणातल्या गोदामांवर न्यायचा. तो शेडमध्ये येऊन सांगून गेला, की गोदामावर पूर्ण हंगामाचं काम आहे, राहायला खोल्या आहेत, दिघोरीच्या सगळ्या हमालांना जागा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघणार. पण हो की नाही ते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सांगायचं, नाहीतर तो कोंढ्याची माणसं भरणार.

म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी धनीराम ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. पायाला तूस लागलंय म्हणाला.

"मालक, एक साफ इचारतो. श्रावण्याले हो म्हणू का नाई म्हणू?"

वीरेंद्र कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला.

"पोरं जातो म्हणून राहिले," धनीराम पुढे म्हणाला. "अमर तं कपडे धुऊन बसला. मी त्याइले म्हटलं, मालकाले इचारल्याशिवाय नाई. गिरणी चालणार असन तं आमी अर्ध्या पगारावर काढू दिवस. बाबूजीची गिरणी आहे. पण चालणार नसन तं तसं सांगा. आमचा राग नाई."

याहून सोपा प्रश्न माणसाला कोणी विचारू शकत नाही. धनीरामने रागसुद्धा आधीच काढून ठेवला होता. वीरेंद्रने तेव्हा खरं सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याच्या डोळ्यांपुढे बंद गिरणी आली आणि भंगाराचा भाव आला. हो म्हणायला जीभ वळेना, नाही म्हणायचं नव्हतं. आणि मग त्याला ते सुचलं. सुचलं तेव्हा तो स्वतःवर थोडा खूशही झाला, हे त्याला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

"संध्याकाळी सगळ्याइले शेडमंधी बोलाव," तो म्हणाला. "यंदा बाबा खांदे मळतीन."

धनीरामने गमछ्याने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि पायाला तूस असूनही आत येऊन वीरेंद्रचे हात धरले. तो जायला वळला तेव्हा वीरेंद्रला वाटलं, आपण काही खोटं बोललो नाही. एक शब्दही नाही.

घरी रिता तूप कोमट करत होती. तिने विचारलं, "बाबांले सांगतलं का, टेकचंदसेठचं?"

"मंग सांगतो."

"तुमी मळा ना खांदे. त्याइच्या हातानं कायले?"

"माह्या हाताले लोक मानणार नाईत," वीरेंद्र म्हणाला. निदान हे तरी खरं होतं. रिताने वाटी त्याच्या हातात दिली आणि पाठ फिरवली.

शेडमध्ये श्यामरावांना खुर्चीवर बसवलं. दोन वर्षांनी ते गिरणीत आले होते. वाटी डाव्या मांडीवर अडकवून ते उजव्या हाताने एकेकाचा खांदा मळू लागले. पोत्यांनी घट्टे पडलेले खांदे. कुठे हूक लागल्याची जुनी खूण. शब्द त्यांच्या तोंडून वाकडे यायचे, पण प्रत्येकाच्या कानाशी ते पूर्ण म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हातारी माणसं रडली. सखाबाईने बायकांच्या वतीने खांदा पुढे केला. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. श्यामरावांनी क्षणभर पाहिलं आणि तिच्या खांद्यावर पदरावरूनच हळद लावली. सगळे हसले.

फक्त अमर सदरा काढेना. तो धनीरामच्या टोळीतला सगळ्यात तगडा गडी, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. "मी बैल नोहो," तो म्हणाला. "मले मळाचं नाई."

"अबे, मान असते तो," धनीराम म्हणाला.

"मान असन. पण मले नाई पायजे."

धनीराम चिडला, चारचौघांत त्याला नाही नाही ते बोलला. श्यामरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. "राहू दे. जबरदस्तीचं आवतन नसते. पण जेवाले ये बाबू." अमरने मान डोलावली. वीरेंद्र खांबाला टेकून उभा होता. अमरची आणि त्याची नजर एकदा भेटली, आणि वीरेंद्रनेच ती आधी खाली घेतली.

त्याच संध्याकाळी धनीरामने श्रावणला फोन करून सांगितलं, आमच्या खांद्याले हळद लागली, आता आमी येत नाई. श्रावणने शिवी दिली आणि कोंढ्याची माणसं भरली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी दारोदार पळसाच्या फांद्या लागल्या होत्या. रिताने पुरण शिजत घातलं होतं आणि अंगणात मांडव ओढला जात होता, तेवढ्यात टेकचंदसेठचा फोन आला. तो नागपूरला निघाला होता आणि जाता जाता आजच गिरणी बघणार होता.

"सेठजी, आज पोळा आहे. आज गिरणी बंद असते."

"बंद है तो बंद का भाव," सेठ शांतपणे म्हणाला. "मैं तो आज ही आ रहा हूँ. दुसरी दो गिरणी भी देखनी है."

वीरेंद्रने मोटरसायकल काढली. धनीरामच्या घरासमोर सखाबाई रांगोळी घालत होती. धनीराम नवा सदरा घालून ओसरीवर बसला होता, आणि कॉलरच्या कडेला हळद दिसत होती.

"रायपूरचे मोठे व्यापारी येऊन राहिले," वीरेंद्र म्हणाला. "आजच. गिरणी चालताना पाहाची म्हणतेत."

एवढंच. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, आणि धनीरामने आपल्या मनाने ओळखलं.

"मोठं काम हाये का?"

"मोठं आहे."

धनीराम अडखळला. "पण मालक, काल आवतन घेतलं ना. आज जू नसते." मग स्वतःच हसला. "तसं आमी कुठचे बैल. तुमची अडचण आहे तं आमची आहे. दोन घंट्याचं काम. चला, करू."

अर्ध्या तासात सगळे आले. नव्या कपड्यांत आले आणि नवे कपडे खुंटीला लावून कामाला लागले. ज्यांना बोलावणं गेलं नव्हतं तेही आले. अमरसुद्धा आला, धनीरामभाऊने सांगितलं म्हणून आलो, असं त्याने वीरेंद्रला ऐकू जाईल असं सांगितलं. सेठची गाडी फाट्यावरून वळली तेव्हा पट्टे फिरत होते, हमाल धावत फळी चढत होते आणि चाळणीवरून पांढराशुभ्र तांदूळ पडत होता. महिनोन्‌महिने गिरणी अशी चालली नव्हती. उघड्या खांद्यांवरची हळद घामाने ओघळून पाठीवर उतरत होती.

टेकचंदसेठ बघत फिरला. यंत्रांवर हात ठेवून थरथर अजमावली, कान लावून ऐकलं. सखाबाई सुपात ताजा तांदूळ घेऊन पुढे आली. "पाहा सेठजी, एक खडा भेटला तं माहं नाव बदला." सेठने दाणे हातात घेतले, खूश झाला आणि म्हणाला, "बहोत बढिया, बाई." सखाबाईने वळून नवऱ्याकडे असं पाहिलं, की तिथे उभं राहणं वीरेंद्रला जड झालं.

ऑफिसात दार लावून सौदा झाला. चालत्या गिरणीचा भाव. पंधरवड्यात सेठची माणसं येऊन यंत्रं खोलून नेणार. "मशीन अच्छी रखी है तुमने," सेठ उठता उठता म्हणाला. त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. "ये कौन? पिताजी?"

"मुकादम आहे."

"अच्छा," सेठ म्हणाला आणि गाडीत बसला.

दुपारी अंगणात पंगत बसली. हमालांनी आंघोळी करून पुन्हा नवे कपडे घातले होते. श्यामराव ओसरीवर खुर्चीत होते, गिरणीचा आवाज ऐकल्यापासून घुश्शात.

"आवतन देल्यावर गिरणी कोणं चालवली?" त्यांनी वाकड्या जिभेने विचारलं.

"आमीच चालवली, बाबूजी," धनीराम पानावरून म्हणाला. "मालकाले मोठं काम भेटलं. एक दिवस पोळा मोडला तं मोडला. वर्षाचं पोट निघन."

वीरेंद्र परातीत पुरणपोळ्या घेऊन वाढत होता. पहिलं पान धनीरामचं. तो पोळी घालायला वाकला तेव्हा धनीरामने त्याचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक, सांगा ना सगळ्याइले. किती दिवसाचं काम भेटलं? दिवाळीपावत चालन ना?"

जेवायला बसलेले सगळे वर बघू लागले. रिता तुपाची वाटी घेऊन दारातच थांबली. अजून खोटं बोलता आलं असतं, पंधरा दिवस सहज निघाले असते. शिबिरातल्या वक्त्याने अशा वेळी काय करायचं ते सांगितलं नव्हतं. वीरेंद्रने ओसरीकडे पाहिलं. बाबा मान कलती करून त्याच्या उत्तराची वाट बघत होते, अगदी बाकीच्यांसारखीच.

"काम नाई भेटलं," तो म्हणाला. "गिरणी इकली मी. तो घेणारा होता. पंधरा दिवसांनी मशिनी नेणार आहे."

धनीरामने हात सोडला.

"आज इकली?"

"आज ठरलं. बोलणं... बोलणं महिन्यापासून होतं."

"म्हणजे काल मी दारात येऊन इचारलं, तवा होतं."

"होतं."

"काल सांगाचं होतं, मालक," धनीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर वीरेंद्रला बरं वाटलं असतं. "काल श्रावण्याची जीप खाली होती. सगळ्याइले जागा होती. मी पोराइले अडवलं. हात जोडून अडवलं."

तो उठला. त्याने पानाला नमस्कार केला आणि ओलांडून गेला. त्याच्यामागे एकेक जण उठत गेला. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारा हमाल तेवढा "बाबूजीच्या अंगनात, बाबूजीच्या अंगनात," असं पुटपुटत होता. सखाबाई शेवटी उठली. फाटकाशी थांबून तिने मागे पाहिलं.

"ऑफिसमंधला तो फोटो हाये ना, मालक," ती म्हणाली, "त्याले आता घाला हार."

वाढलेली पानं तशीच राहिली. वरण वाहून एकमेकांत गेलं होतं. एका पानावर मात्र अमर बसून होता आणि खाली मान घालून जेवत होता.

"तू नाई गेला?" वीरेंद्रने विचारलं. त्याला एवढं तरी विचारण्याचा आधार वाटला.

"मी कायले जाऊ? मी आवतन घेतलंच नोतं," अमर पोळी तुपात बुडवत म्हणाला. "मी तं श्रावण्याले कालच हो म्हटलं. सकाळी जातो. धनीरामभाऊले सांगितलं तं रागावला, म्हणे, तू इमानाचा नोहो."

त्याने घास तोंडात घातला. डोळे भरले होते. ते लपवण्यासाठी तो आणखी भराभर जेवू लागला.

ओसरीवर हालचाल झाली. श्यामराव उजवा हात पुढे करून वीरेंद्रला बोलावत होते. तो जवळ गेला. त्यांनी हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. बोटांच्या पेरांत कालची हळद अजून पिवळी होती.

"बैल इकाचा असला का त्याले आवतन देत नाईत, वीरू," ते म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता आणि वीरेंद्रला तिथून हलता येत नव्हतं. "अन् तू देवविलं. माह्या हातानं देवविलं."

त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वीरेंद्र परात घेऊन तसाच उभा होता. मागून अमरचा आवाज आला, कढी असेल तर थोडी वाढा म्हणून.

तो कढी आणायला आत गेला.